दीडशे लेयर आणि एक नकाशा

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो. ३८ विभाग आहेत. प्रत्येकाच्या रस्ते, जलप्रवाह, जमीन-वापर आणि सीमा अशा चार शेपफाइल (नकाशातल्या रेषा-आकारांच्या फाइली), म्हणजे १५२ लेयर, आणि वर उंचीच्या शंभरेक रास्टर टाइल (पिक्सेलचे चौकोनी तुकडे). हे सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या एकाच प्रोजेक्टमध्ये ओढलंय. उघडायला चार मिनिटं लागतात, रस्त्याचा रंग बदलायचा तर ३८ वेळा बदलावा लागतो, विभागांच्या सीमेवर कुठे फट तर कुठे दुहेरी रेषा दिसते. आणि प्रश्न असा की, सगळं मर्ज करून टाकू का, की यासाठी एखादं प्लगिन आहे?

मर्जचं बटण टूलबॉक्समध्ये आहेच, ते दहा मिनिटांत काम करून मोकळं होईल. पण आज तुमच्याकडे ३८ ठिकाणी विखुरलेला गोंधळ आहे, उद्या तोच एका फाइलमध्ये असेल, आणि कुठला घोटाळा कोणत्या विभागातून आला हे शोधायची सोयही गेलेली असेल. म्हणून माझं उत्तर: हो, १५२ चे चार लेयर करा. पण ती एकत्रित फाइल म्हणजे मूळ डेटा असं समजू नका. ती मुळापासून बनवलेली वस्तू आहे, आणि कधीही पुसून पुन्हा बनवता आली पाहिजे. मूळ ३८ फोल्डर जसेच्या तसे, रीड-ओन्ली करून बाजूला ठेवायचे. दुरुस्त्या शक्यतो हाताने न करता स्क्रिप्टमध्ये किंवा मॉडेल डिझायनरमध्ये (टूलची साखळी जोडून ठेवायची क्यूजीआयएसची सोय) करायच्या. पुढच्या महिन्यात एका विभागाची नवी फाइल आली की मूळ बदलायचं आणि सगळं पुन्हा चालवायचं.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. विभागवार डेटा वेगवेगळे लोक सतत बदलत असतील तर कायमचं मर्ज न करता नुसती जोडणी ठेवावी, त्याबद्दल खाली लिहिलंय. काही विभाग १:५०,००० च्या नकाशांवरून आणि काही १:२,५०,००० वरून काढलेले असतील, तर ते एका लेयरमध्ये बसतील, पण एकसारखे अचूक होणार नाहीत. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ पहिल्या प्रमाणात जमिनीवर २५ मीटर होते, दुसऱ्यात १२५ मीटर. हा फरक कोणतंही टूल भरून काढत नाही. म्हणून एकत्रित लेयरमध्ये विभाग, मूळ फाइलचं नाव, प्रमाण आणि तारीख हे चार कॉलम मी डोळे झाकून घालतो. क्यूजीआयएसचं मर्ज टूल लेयरचं नाव आणि पाथ असे दोन कॉलम स्वतःच जोडतं. ते लोक कचरा समजून काढून टाकतात. काढू नका.

आता कॉलमांकडे येऊ, कारण घोडं इथेच पेंड खातं. एका विभागात रस्त्याचा प्रकार ‘टाइप’ या कॉलममध्ये १, २, ३ असा लिहिलेला असतो. दुसऱ्यात ‘क्लास’मध्ये मुख्य, दुय्यम, कच्चा. तिसऱ्यात त्याच नावाचा कॉलम, पण त्यात डांबरी आणि सिमेंट, म्हणजे प्रकार नव्हे तर पृष्ठभाग. मर्ज टूल नावं बघतं, अर्थ बघत नाही. नावं जुळली नाहीत तर सगळे कॉलम शेजारी शेजारी लावून देतं आणि प्रत्येक ओळीत बहुतेक रकाने रिकामे राहतात. नाव जुळलं पण एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर असेल तर सगळं मजकुरात बदलतं. मग रस्त्याच्या रुंदीने क्रम लावलात की १२ मीटरचा रस्ता ७ मीटरच्या आधी येतो, कारण तुलना अक्षरांची होते.

यावर मी एक साधी स्प्रेडशीट करतो: विभाग, मूळ कॉलम, मूळ किंमत, नवी किंमत. रस्त्यांची एक, जमीन-वापराची एक. प्रत्येक फाइलमधल्या वेगळ्या किमतींची यादी काढायची आणि समोर आपला ठरलेला शब्द लिहायचा. ३८ विभागांसाठी हे दोन-तीन दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, आणि संपूर्ण कामातलं खरं डोकं इथेच लागतं. एका विभागातलं ‘झुडपी’ आणि दुसऱ्यातलं ‘विरळ वन’ एकच की वेगळं, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. तक्ता झाला की कॉलम बदलणारं रिफॅक्टर फील्ड्स टूल किंवा एक जॉइन (सामाईक कॉलमवरून दोन तक्ते जोडणं), एवढ्यात बाकीचं उरकतं.

देवनागरी नावं असतील तर शेपफाइलशी आधीच काडीमोड घ्या. शेपफाइलसोबतच्या डीबीएफमध्ये (तक्त्याची फाइल) कॉलमच्या नावाला १० बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘रस्ता’ हा शब्द र, स, हलन्त, त आणि काना मिळून पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइट. एवढं नावही मावत नाही! मजकुराच्या रकान्याला २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. इंग्रजीवाल्यांचीही सुटका नाही. ‘पॉप्युलेशन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येच दहा अक्षरं संपतात, त्यामुळे २००१ आणि २०११ असे दोन कॉलम शेपफाइलमध्ये जाताना दोन्ही आपापलं वर्ष गमावतात आणि दुसऱ्याच्या शेवटी नुसता १ चिकटतो. शिवाय एन्कोडिंग कोणतं ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली की ते अंदाजाने ठरतं आणि गावांच्या नावांच्या जागी कचरा दिसतो. जिओपॅकेज या फाइल-प्रकारात यातली एकही अडचण नाही. एकाच फाइलमध्ये चारही लेयर, त्यांचे इंडेक्स आणि स्टाइलसुद्धा बसतात.

आणखी एक खोडी, जी शोधायला मला एकदा अख्खा दिवस लागला. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण नावावरून जॉइन केला की काही गावं गायब. हीच गत शेवटच्या अदृश्य स्पेसची. जोडणी नावावर न करता कोडवर करा, आणि कोड मजकूर म्हणून ठेवा. एकदा का ०७ चा ७ झाला की पुढच्या सगळ्या जोडण्या मुकाट्याने फसतात.

आता सीआरएस, म्हणजे कोऑर्डिनेटचे आकडे पृथ्वीवर कुठे बसतात ते सांगणारी पद्धत, तिच्याबद्दल थोडक्यात, पण नीट. लेयरला सीआरएस नेमणं म्हणजे पाटी बदलणं, रिप्रोजेक्ट करणं म्हणजे आतले आकडे बदलणं. लेयर भलतीकडे दिसतोय म्हणून पाटी बदलून पाहणं हा नवशिक्यांचा आवडता उपाय, आणि तो चुकूनमाकून ‘बरोबर’ दिसला की पुढे महागात पडतो. पाटीवर विश्वास न ठेवता कोऑर्डिनेट बघा. आकडे लाखांत असतील तर ते अंश नाहीत, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत ६ अंशांचा एक असे ६० झोन असतात आणि प्रत्येक झोनच्या मध्यरेषेला ५,००,००० मीटर हाच आकडा दिलेला असतो. म्हणजे तोच आकडा साठ ठिकाणी. तुमचे विभाग दोन झोनमध्ये पसरलेले असतील आणि एकाची पाटी चुकली असेल, तर मर्ज केल्यावर तो विभाग सहा अंश सरकून शेजाऱ्याच्या अंगावर बसेल. पाट्या बरोबर असतील तर मर्ज टूल सगळं एका सीआरएसमध्ये आणून देतं. फक्त कोणत्या, ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर यादीत पहिला आलेला लेयर ठरवतो.

मी साठवण अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये ठेवतो आणि क्षेत्रफळ मोजायला समक्षेत्र प्रोजेक्शन वापरतो. वेब मर्केटरवर (वेबवरच्या नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन) मोजमाप कधीच नाही. ६० अंश अक्षांशावर तिथे लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट येतं.

आता तुम्हाला सर्वात जास्त छळणाऱ्या सीमा. फट किंवा दुहेरी रेषा दिसली की आधी ती कोणत्या जातीची आहे ते ओळखा. संपूर्ण विभाग एकाच दिशेला, सगळीकडे सारख्याच अंतराने सरकलेला असेल, तर डेटमचा (पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा आधार कोणता धरला ते) किंवा एका डेटमवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या ट्रान्सफॉर्मेशनचा घोळ आहे. तिथे एकही रेघ हाताने हलवू नका, सीआरएस दुरुस्त करा, फट आपोआप मिटेल. फट वेडीवाकडी, कुठे आत कुठे बाहेर असेल, तर एकच सीमा दोन माणसांनी दोनदा काढलेली आहे. आणि सीमेच्या पलीकडे शेकडो मीटरपर्यंत दोन-दोन रस्ते दिसत असतील, तर दोन्ही विभागांनी हद्दीबाहेरची थोडी पट्टी सोबत दिलेली आहे. हा तिसरा प्रकार सर्वात फसवा, कारण नकाशात तो फारसा खुपत नाही, पण लांबीची बेरीज फुगवतो. डुप्लिकेट जॉमेट्री काढणारं टूल इथे उपयोगाचं नाही, ते तंतोतंत सारखे आकारच पकडतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारावर माझा क्रम ठरलेला आहे. विभागांच्या सीमांचा एकच लेयर प्रमाण मानायचा, ज्यात शेजाऱ्यांची सामाईक रेघ एकच असेल. ३८ सीमा-फाइली एकमेकींशी जुळवत बसण्यापेक्षा असा एक लेयर मिळवणं किंवा एकदाच नीट बनवणं स्वस्त पडतं. मग फिक्स जॉमेट्रीज चालवायचं, नाहीतर एखाद्या स्वतःलाच छेदणाऱ्या पॉलिगॉनवर क्लिप (सीमेबाहेरचं कापून टाकणारं टूल) अडकतो. त्यानंतर प्रत्येक विभागाचे लेयर त्याच्या प्रमाण सीमेने क्लिप करायचे. बाहेरच्या पट्ट्या गेल्या, दुहेरी रस्ते गेले.

राहिल्या फटी. जमीन-वापरासाठी प्रमाण सीमेतून एकत्रित पॉलिगॉन वजा करा. उरतात त्या फटी, त्यांचे सुटे पॉलिगॉन करा. प्रत्येकासाठी चार गुणिले पाय गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग, असा आकडा काढा. वर्तुळाला तो १ येतो, सुईसारख्या चिरोटीला शून्याच्या जवळ. ज्यांचा आकडा अगदी लहान आहे त्या चिरोट्या लेयरमध्ये घाला, निवडा आणि एलिमिनेट टूलने ज्या शेजाऱ्याशी सर्वात लांब सामाईक कड आहे त्यात विरवून टाका. ज्या फटी जाड आणि गुटगुटीत आहेत त्यांना हात लावू नका. तिथे खरोखर डेटा नाही, आणि ते नकाशात दिसलं पाहिजे. फट लपवणं आणि फट बुजवणं यात फरक आहे, आणि क्षेत्रफळाचे आकडे देणाऱ्याला तो कधीतरी भोवतो.

रस्ते आणि नद्यांना सीमेवर टोकं जुळवावी लागतात. टोकं एकमेकांना चिकटवणारं स्नॅप टूल आहे, पण टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंत चिकटवायचं ते, लेयरच्या एककात असतं हे विसरू नका. मी एकदा मीटर समजून ५० टाकले. लेयर अंशात होता. एक अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरच्या आत जे दिसेल त्याला चिकट, असा हुकूम मी दिला होता, आणि टूलने तो इमानाने पाळला. अख्खं नदीजाळं एका विभागाच्या सीमेवर गोळा होऊन बसलं. मूळ फाइल शाबूत होती म्हणून हसू आलं. तेव्हापासून स्नॅपच्या आधी मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये जातो, टॉलरन्स वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने, १:५०,००० ला २५ मीटरच्या आत ठेवतो, आणि त्यापेक्षा मोठी तफावत आपोआप न जोडता वेगळ्या लेयरमध्ये काढून डोळ्यांनी बघतो. दोन विभागांत कापला गेलेला तलाव असेल तर दोन्ही तुकड्यांना एकच आयडी देऊन त्यावर डिझॉल्व्ह करा, म्हणजे तुकडे एक करा, नाहीतर मोजणीत तलाव दोन होतात.

प्रत्यक्ष एकत्र करणं हे यानंतर. शेपाचशे ओळींचे लेयर असतील तर मर्ज टूल पुरे. मोठे असतील किंवा पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर जीडीएएल या टूलसंचातल्या ओजीआर-टू-ओजीआर या कमांडने एकेक विभाग एकाच जिओपॅकेज टेबलात अपेंड करा. एक खाच मात्र लक्षात ठेवा: अपेंड करताना टेबलात आधीपासून नसलेला कॉलम ही कमांड सोडून देते. ‘अॅड-फील्ड्स’ हा पर्याय दिला तरच तो जोडला जातो. माझ्या एका कामात वर्णानुक्रमाने पहिल्या आलेल्या विभागात पुलांचा कॉलमच नव्हता, आणि उरलेल्या सगळ्या विभागांचे पूल तिथेच बुडाले. कळलं तीन आठवड्यांनी. म्हणून आता मी आधी रिकामं टेबल ठरलेल्या कॉलमांसह बनवतो आणि मगच भरायला घेतो.

विभाग स्वतंत्रपणे बदलत राहणार असतील तर व्हीआरटी नावाची एक छोटी एक्सएमएल फाइल लिहिता येते, जी सगळ्या मूळ फाइली एकाच लेयरसारख्या दाखवते. डेटा कॉपी होत नाही, मूळ बदललं की नकाशा बदलतो. वेग मात्र कमी मिळतो. क्यूजीआयएसमधला व्हर्च्युअल लेयर युनियन करूनही हेच होतं, पण ३८ मोठ्या फाइलींवर मी ते करणार नाही. आणि एकाच वेळी चार-पाच जण संपादन करणार असतील तर जिओपॅकेज नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून भागवू नका. ते मुळात एसक्यूलाइट आहे, लिहिताना एकाच्या कुलपामुळे दुसरा अडतो. तिथे सरळ पोस्टजीआयएस, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी लिहिता येईल असा डेटाबेस.

रास्टर टाइल मात्र कधीच खऱ्या अर्थाने जोडू नका. बिल्ड व्हर्च्युअल रास्टरने शंभर टाइलची एक व्हीआरटी बनवा, त्यावर ओव्हरव्ह्यू (लांबून बघण्यासाठीच्या लहान प्रती) काढा, झालं. सगळ्या टाइलचं प्रोजेक्शन एकच हवं, वेगळी असलेली टाइल इशारा देऊन वगळली जाते, आणि तो इशारा कोणी वाचत नाही. आज तुमच्याकडे बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दिसत असणार. कारण प्रत्येक टाइल स्वतःच्या किमान-कमाल उंचीप्रमाणे रंग ताणते. एकच व्हीआरटी झाली की रंगपट्टी एकच होते. रिकाम्या जागेची किंमत, एसआरटीएम या उंचीच्या डेटामध्ये उणे ३२,७६८, नोडेटा (‘इथे माहिती नाही’) म्हणून जाहीर केलेली आहे ना ते बघा, नाहीतर एका खड्ड्यापायी सगळे डोंगर एका रंगात बुडतात. आणि हिलशेड (ऊन-सावलीने डोंगर दाखवणं) किंवा उतार व्हीआरटी झाल्यानंतर काढा. या गणिताला प्रत्येक पिक्सेलभोवतीचे आठ शेजारी लागतात. टाइलच्या कडेच्या पिक्सेलला ते मिळत नाहीत, म्हणून टाइलवार काढलेल्या हिलशेडमध्ये जाळीसारख्या रेघा उमटतात.

प्रोजेक्टचा वेग हा यातला सर्वात सोपा भाग. चार लेयर झाले की निम्मं दुखणं गेलं. प्रत्येकाला स्पेशियल इंडेक्स (जागेवरून पटकन शोधायची सूची) आहे याची खात्री करा, गल्ल्या आणि ओढे ठरावीक प्रमाणापेक्षा जवळ झूम केल्यावरच दिसू द्या, लेबल शेवटी चालू करा. विभागवार नकाशे छापायचे असतील तर ३८ प्रोजेक्ट नकोत. सीमेच्या लेयरवर ॲटलस (प्रत्येक विभागाचं पान आपोआप काढणारी सोय) लावा आणि बाकीच्यांना विभागाच्या कॉलमवर नियम द्या. पाथ रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजलेले, ठेवा.

तपासणीत मी फार हुशारी करत नाही. विभागवार ओळींची संख्या मूळ आणि नवी, शेजारी शेजारी. एकूण लांबी आणि क्षेत्रफळ, क्लिपच्या आधी आणि नंतर. प्रत्येक कॉलमात रिकामे किती. हा शेवटचा आकडा एखाद्या विभागात शंभर टक्के निघाला की समजायचं, तक्त्यातली एक ओळ राहिली आहे.

एकदम ३८ वर उडी मारू नका. सीमेवर सर्वात जास्त भांडणारे दोन शेजारी विभाग घ्या, फक्त रस्ते, आणि वरचा सगळा क्रम त्यांच्यावर शेवटपर्यंत चालवा. तुम्ही लिहिलंय की काही फटी ‘साधारण सारख्याच रुंदीच्या’ आहेत. त्या पाच-सहा ठिकाणी मोजा आणि दिशाही टिपून ठेवा. दिशा आणि अंतर सगळीकडे एकच निघालं तर तुमचं अर्धं काम एका सीआरएसच्या दुरुस्तीत आटोपणार आहे, आणि स्नॅपच्या वाटेला जायची गरजच नाही.